घाम न येणाऱ्यांची वंशावळ

"येताना घराण्याची माहिती लिहून आणा," असं डॉक्टर फोनवर म्हणाल्या आणि मला मनापासून बरं वाटलं. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माहिती गोळा करायची, रकान्यांत बसवायची, खाली रेघ मारायची, हे माझं रोजचं काम. घरीही फ्रिजवर किराण्याची यादी असते, कपाटाच्या आतल्या बाजूला औषधांची, आणि दाराच्या मागे 'निघताना बघा' अशी एक : गॅस, गिझर, नळ, चावी. नवरा म्हणतो, एक दिवस त्यात 'नवरा' असंही लिहून ठेव, म्हणजे मी मागे राहणार नाही.

घराण्याची माहिती हवी होती ती माझ्या धाकट्या भावासाठी. त्याला घाम येत नाही.

अजिबात येत नाही. जन्मापासून. डोक्यावर केस विरळ, भुवया जवळजवळ नाहीतच, आणि दात आले ते मोजके, टोकदार. सुरतेच्या लिंबायतमध्ये आमचं घर पत्र्याचं होतं. एप्रिल-मे महिन्यात तिथे बाकीचे लोक घामाने भिजायचे आणि माझा भाऊ आतून तापायचा. आई त्याचा सदरा नळाखाली भिजवून तसाच त्याच्या अंगात घालायची. वाळला की पुन्हा. शाळेत बाईंनी त्याची जागा माठाशेजारी दिली होती, आणि माठावरचं फडकं दिवसभर त्याच्या डोक्यावर असायचं. गल्लीतली पोरं ओरडायची, "ए, तुझे दात कुठे गेले?" तो म्हणायचा, "तुझ्या आजीला उसने दिलेत. बघ, तीच चावतेय तुझी भाकरी." त्याच्याशी बोलून कुणी जिंकलेलं मला आठवत नाही.

वडील खानदेशातून सुरतेला आले ते लूम्सच्या खात्यात, कापडाच्या मागांवर. भावालाही मोठा झाल्यावर तिथेच लावला. पहिल्याच उन्हाळ्यात तो मागाशेजारी चक्कर येऊन पडला. मग बमरोलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात चिकटला आणि आजतागायत तिथेच आहे. मे महिन्यात आनंदाने कामावर जाणारा सुरतेतला तो एकटाच माणूस असावा.

त्याला चार-पाच ठिकाणी मुली दाखवल्या. सगळीकडे चहापर्यंत गाडी जायची आणि थांबायची. शेवटी वहिनींच्या वडिलांनी होकार दिला, तो कसा दिला हे आम्हाला बरीच वर्षं कळलं नव्हतं. वहिनी म्हणतात, "दादांनी यांचे दात बघितले आणि नाही म्हणाले. मी डोळे बघितले होते. मग दोन दिवस जेवले नाही." लग्न नेमकं मेमध्ये, धुळ्याकडे, उघड्या मांडवात. फेट्याच्या आत ओला टॉवेल, त्यात बर्फाचे तुकडे, ही माझी व्यवस्था. अक्षता पडायच्या वेळी बर्फ वितळून त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. वहिनींकडच्या बायका हळहळल्या, "नवरदेव किती हळवा गं!"

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक गोष्ट त्या दोघांनी फार गंभीरपणे ठरवली होती. मुलगा होऊ द्यायचा नाही.

भावाचा हिशेब सरळ होता. बापाचं नाव मुलाकडे जातं, आडनाव मुलाकडे जातं, कुलदैवताचा मान मुलाकडे जातो, तर हेही मुलाकडेच जाणार. मुलगी झाली की सुटलो. पहिली मुलगी झाली, ती दोन-तीन महिन्यांची असतानाच तिच्या मानेवर घाम आला, आणि भावाने बर्फाच्या कारखान्यात पेढे वाटले. लोकांना वाटलं, मुलगी झाल्याचे. खरं तर ते घामाचे होते. त्यानंतर दोघांनी तिथेच थांबवलं. आई कित्येक वर्षं कुरकुरत होती. लिंबायतमध्ये मुलासाठी नवस बोलणारे पुष्कळ. मुलगा नको म्हणून देवापुढे हात जोडणारं जोडपं आमच्याच घरात.

ती मुलगी, माझी भाची, आता पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. तिथेच हिशेबात काम करणाऱ्या एका मुलाशी तिचं जमलं. आपल्याच भागातला, नंदुरबारकडचा. वडील नाहीत. आईने साड्यांना लेसपट्टी लावायची कामं घरी आणून त्याला शिकवलं. सुपारी फोडायचा दिवस ठरत आला होता. आणि भाचीने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की त्याआधी त्याच्या आईला सगळं सांगायचं.

"सगळं म्हणजे काय?" भाऊ म्हणाला. "तुला घाम येतो. विषय संपला."

"पप्पा, माझे वरचे दोन दात कधी आलेच नाहीत. उन्हात माझं डोकं फिरतं. केस बघा."

"केस तुझ्या आत्याचेही गळतात."

"मला यात ओढू नको," मी म्हणाले.

"ताई, तू तरी सांग तिला. चार ठिकाणचा चहा पिऊन उठलोय मी. माहितीये कसं वाटतं ते."

"म्हणूनच," भाची म्हणाली. "तुम्ही तोंड दाखवून गेला होतात. मी लपवून जाऊ?"

भाऊ ताटावरून उठला नाही. वहिनींनी न विचारता त्याच्या ताटात भात वाढला. मग मी माझं नेहमीचं केलं. आधी माहिती, मग भांडण. मोठ्या सरकारी दवाखान्यात घराण्यातून येणाऱ्या आजारांसाठी वेगळी डॉक्टर बसते असं कळलं होतं. वेळ घेतली. आणि वंशावळ तयार केली.

वंशावळ माझ्याकडे होतीच. आमच्या गावी भाट येतात, घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. वडील असताना मी ती उतरवून घेतली होती. आता स्वच्छ टाइप केली. सात पिढ्या, प्रत्येकाचं नाव, गाव, मुलगे. दोन प्रती, फाइलमध्ये, वर अनुक्रमणिका.

ठरल्या दिवशी भाऊ, वहिनी, भाची आणि मी, चौघं गेलो. डॉक्टर माझ्या भाचीपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने फाइल अगदी आदराने बघितली. पान उलटलं. पुन्हा उलटलं.

"यात बायका कुठे आहेत?" तिने विचारलं.

मी बघितलं. सात पिढ्यांत एकही बाई नव्हती. सात पिढ्या एकमेकांना जन्म देत आल्या होत्या, सगळे पुरुष.

"भाटाकडे अशीच असते," मी म्हणाले.

"मला याच्या उलट बाजूची हवी आहे," ती म्हणाली. "यांच्या आईकडची. हा आजार बायकांच्या बाजूने चालत येतो."

भाऊ खुर्चीत पुढे सरकला. "पण माझ्या आईला घाम येतो की. धबाधब येतो."

"आईंना भाऊ होते?"

मी तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आई घरी अहिराणीच बोलते आणि फोनवर तर गाव ऐकेल एवढ्या मोठ्याने.

"आई, तुला भाऊ किती?"

"तीन."

"तीन कुठले? मामा दोन आहेत."

"तुम्हले दोनच माहीत शेतस. एक मन्हा पाठवरना व्हता. तो उन्हाळाभर ढोरेस्ना हौदमा बशी राहे. माय त्याले रेडकू म्हने." ती हसली. मग आवाज जरा खाली आला. "दात नव्हतात त्याले. एक सालले ताप उना आणि तो मरी गया."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. माझ्या भावाचा सदरा नळाखाली भिजवायला तिला कुणी शिकवलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिने ते गुरांच्या हौदापाशी पाहिलेलं होतं. भाऊ फोनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आई, मला हौद का नाही बांधून दिलास मग?" पलीकडून आई म्हणाली, "लिंबायतमा हौद कोठे बांधू रे, तुन्हा डोकावर?" आणि फोन बंद झाला. आम्ही तिच्यामुळेच पुन्हा हसण्याच्या वाटेला लागलो.

डॉक्टरने कागदावर चौकोन आणि गोल काढले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. तिने सांगितलं ते असं. बाईकडे एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलाला बापाकडून वाय मिळतो, मुलीला एक्स. या आजाराचा दोष एक्सवर असतो. बाईच्या एका एक्सवर दोष असला तरी दुसरा बरंचसं सांभाळून घेतो. पुरुषाकडे दुसरा नाहीच.

मी लिहून घेत होते तरी मध्येच गोंधळले. भाचीने माझ्या हातातलं पेन घेतलं.

"आत्या, सोपं आहे. आईकडे दोन साड्या, त्यातली एक ती प्रत्येक मुलाला देते. बापाकडे एक साडी आणि एक धोतर. मुलगा झाला की बाप त्याला धोतर देतो. मुलगी झाली की साडी. पप्पांकडे साडी एकच आणि तिच्यातच विणकामाचा फॉल्ट. म्हणजे त्यांच्या प्रत्येक मुलीला तीच मिळणार. मला मिळालीच. फक्त मम्मीने दिलेली दुसरी चांगली आहे, म्हणून मी भिजते."

डॉक्टरने हात जोडले. "मी उद्यापासून असंच सांगणार."

"आणि मुलगा झाला असता तर?" हे वहिनींनी विचारलं.

"तर त्याला यांच्याकडून फक्त वाय," डॉक्टर म्हणाली. "त्याला हे काहीच नसतं. घाम, केस, दात, सगळं नीट."

वहिनी पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, आता रडतात. भाऊ म्हणाला, "म्हणजे मी आयुष्यात एकदा डोकं चालवलं, तेही उलटं." वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या इतक्या हसल्या की डॉक्टरलाही हसू आवरेना. "चांगलंच झालं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "यांना एकट्याला सांभाळतानाच पुरे होतं. दुसरा यांच्यासारखं बोलणारा झाला असता तर मी माहेरी गेले असते."

भाचीचं मग डॉक्टरने नीट समजावून सांगितलं. तिच्याकडे दोन साड्या, त्यातली कुठली पुढे जाईल ते प्रत्येक वेळी नव्याने ठरणार. मुलगा झाला तर निम्मी शक्यता की तो आजोबांसारखा असेल. मुलगी झाली तर निम्मी शक्यता की ती आपल्या आईसारखी असेल. रक्ताची तपासणी करून दोष नेमका सापडला की पुढे गरोदरपणात बघता येतं, आणि बघायचं की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं. मूल तसं झालंच तर काय काळजी घ्यायची तेही सांगितलं : तापात लगेच दवाखाना, उन्हात थंडावा, दातांचा डॉक्टर लहानपणापासून.

माझा प्रश्न राहिला होता. आईकडे दोन साड्या, तर मला कुठली आली? रक्त तिथेच दिलं, पण त्याचा रिपोर्ट यायला वेळ होता. डॉक्टर म्हणाली, घामाची एक जुनी तपासणी आहे, तिने अंदाज येईल. पाठीवर आयोडिन लावायचं, वर स्टार्चची बारीक पूड भुरभुरायची. जिथे घाम फुटेल तिथे निळं-काळं होतं. फक्त घाम यायला हवा. आणि दवाखान्यात एसी. मग आत्या-भाची दोघींना एका बंद खोलीत हीटर लावून बसवलं. मे महिन्यात, सुरतेत, घाम यावा म्हणून हीटर! बाहेरून भाऊ ओरडत होता, "बर्फ पाठवू का?"

माझी पाठ शाईत बुडवल्यासारखी सगळीकडे सारखी निळी झाली. डॉक्टर म्हणाली, बहुतेक तुम्ही सुटलात. पुढे रक्तानेही तेच सांगितलं. भाचीच्या पाठीवर मात्र पट्टे उठले. मधोमध खाली झुकणारे, बाजूंना वळत जाणारे, एक घामाचा, एक कोरडा, एक घामाचा. भाचीने मोबाइलवर फोटो काढायला लावला आणि बराच वेळ मोठा करून बघत बसली.

"काय झालं गं?" मी घाबरून विचारलं.

"लहरिया," ती म्हणाली. "आत्या, साडीवर असली लहर मला कॉम्प्युटरवर आठवडाभर जमत नव्हती."

मुलाच्या आईकडे जायच्या दिवशी मी एका चिठ्ठीवर पाच मुद्दे लिहून घेतले होते. क्रमही ठरवला होता. बमरोलीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं. एका भिंतीला लेसची रिळं, दुसरीला साड्यांच्या थप्प्या. भाची आणि मुलगा मुद्दाम तिथे नव्हते, मोठ्यांनी बोलावं म्हणून. सोबत मी, वहिनी आणि भाऊ. येईपर्यंत तो धुमसतच होता.

चहा आला. मी चिठ्ठी उघडली आणि घसा साफ केला.

"थांब ताई," भाऊ म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग रुमाल काढला आणि त्यात आपली कवळी काढून ठेवली. आणि बोलायला लागला. कवळीशिवाय त्याचं बोलणं सवय असल्याशिवाय कळत नाही. मुलाची आई आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. वहिनींनी शांतपणे सुरुवात केली, "ते म्हणतायत, नीट बघून घ्या. आमच्या मुलीकडून नातू झाला तर तो असा असू शकतो." भाऊ पुढे बोलला. "ते म्हणतायत, असू शकतो. असेलच असं नाही. निम्मं-निम्मं आहे." पुन्हा तो काही बोलला. वहिनी थांबल्या. "हे मी नाही सांगणार."

"काय म्हणाले?" मुलाच्या आईने विचारलं.

"म्हणतायत, असा झाला तर बायको चांगली मिळते."

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आधी दात घाला भाऊ, चहा गार होतोय." मग मी पाचही मुद्दे सांगितले, अनुक्रमाने. त्यांनी मध्ये फक्त दोनदा प्रश्न विचारले. शेवटी त्या म्हणाल्या, "मी विचार करून सांगते."

परतताना रिक्षात, उधन्याच्या सिग्नलला भाऊ म्हणाला, "गाडी चहापर्यंत गेली." एवढंच. त्याचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. रात्री भाचीचा फोन आला. ती म्हणाली, "आत्या, त्याच्या आईने नाही म्हटलं तरी मला बरं वाटेल." आवाजावरून कळत होतं की बरं वाटणार नाही.

पुढचं मला भावाने सांगितलं. त्याने ते तीन वेळा सांगितलं आणि दर वेळी संवाद वाढले, म्हणून तिन्हींत सारखं आलेलं तेवढंच इथे लिहिते.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, मुलाच्या आई छत्री घेऊन बर्फाच्या कारखान्यात आल्या. भाऊ गोणपाटाने झाकलेल्या लाद्यांना टेकून बसला होता. डोक्यावर ओला टॉवेल, पाय बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात. तो उठायला गेला तर त्या म्हणाल्या, "बसा, बसा. मी बघायलाच आलेय."

"काय बघायला?"

"दुपारी काय करता ते."

"हेच."

"आणि लाइट गेली तर?"

"टाकी आहे. टाकी संपली तर शेजाऱ्याची टाकी आहे."

"लहानपणी कुणी सांभाळलं?"

"आईने. आणि ताईने. ताई यादी करायची, आई पाणी ओतायची."

भावाने स्टीलच्या पेल्यात बर्फ किसून वर काला खट्टा ओतून दिला. त्यांनी उभ्यानेच खाल्ला. जीभ काळी झाली. मग लाद्यांकडे बघत म्हणाल्या, "नातू असा झालाच तर उन्हाळ्याच्या सुट्टीत इथेच आणून बसवेन. आजोबा रिकामेच दिसतात."

भाऊ म्हणतो, मी काहीच बोललो नाही. यावर माझा विश्वास नाही.

"एक अट आहे," त्या जाताना म्हणाल्या. "लग्न मे महिन्यात नको. व्याही पाण्यात बसलेले मला चालायचे नाहीत."

लग्न थंडीतलं ठरलं. सुपारी आमच्याकडे लिंबायतला फुटली. भाचीने त्या दिवशी स्वतःच्या डिझाइनचा दुपट्टा घेतला होता, निळ्यावर पांढरी लहर, मधोमध खाली झुकणारी आणि बाजूंना वळत जाणारी. बायका हात लावून बघत होत्या, कुठल्या मार्केटचा म्हणून विचारत होत्या. भाची सांगत होती, "घरचाच आहे." तिचं आणि माझं लक्ष एकमेकींकडे गेलं आणि आम्ही दोघींनी पटकन दुसरीकडे बघितलं.

मी नवी वंशावळ करून ठेवली होती, चौकोन आणि गोलांची. आईने ती मागून घेतली, वाचता येत नाही तरी. "मन्हा भाऊ कोठे शे?" मी तिचं बोट धरून एका चौकोनावर ठेवलं. तिने ते तिथे थोडा वेळ राहू दिलं आणि मग कागद सगळ्यांना दाखवत फिरली.

फिरता फिरता तो मुलाच्या आईच्या हातात गेला. त्यांनी चष्मा लावून बघितला, मग माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसल्या.

"तुमचं सगळं सांगून झालं ना ताई?"

"झालं," मी म्हणाले.

"मग आता आमचं घ्या लिहून. माझे वडील पंचविसाव्या वर्षी टकले. दोन काकांना शुगर. एका मामाला सहा बोटं, दोन्ही पायांना. माझी सासू झोपेत चालायची, एकदा चालत चालत शेजाऱ्यांकडे जाऊन दळण दळून आली. आणि आमच्या यांच्या आत्याला..."

"हळू सांगा," मी म्हणाले, "सासूबाईंचा गोल अजून काढतेय." आणि भावाला हाक मारली की कागद कमी पडतोय, आतून दुसरा आण. तो कागद घेऊन आला, आणि सोबत पेल्यात बर्फही.